पीबीएमसीत ऑलिगोचा सिग्नल झकास येतो पण जीन काही खाली येत नाही: कुठं काय तपासायचं

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींकडून माझ्याकडं एकच तक्रार परत परत येते. रक्तातून वेगळ्या काढलेल्या पांढऱ्या पेशींना (पीबीएमसी) एखादा जीन दाबायला डीएनएसारखा छोटा तुकडा, म्हणजे ऑलिगो, द्यायचा असा हा प्रयोग. कॉलेज वेगळं, गाइड वेगळे, ऑलिगो वेगळा, तक्रार मात्र तीच. मॅडम, फ्लोमध्ये (एकेका सेलचा उजेड मोजणारं मशीन) शिफ्ट (उजेडातली वाढ) लय भारी दिसतोय, नव्वद टक्के सेल पॉझिटिव्ह, पण क्यूपीसीआरला (जीनचा आरएनए किती आहे ते मोजायची चाचणी) टार्गेट जागचं हललेलं नाही आणि पुढच्या डोनरला तर शिफ्टसुद्धा निम्म्यावर आला. मग डोस वाढवला जातो, तरी काही नाही, मग ऑलिगोच खराब आलाय असं ठरतं आणि नवीन ऑर्डर जाते, त्यात दोन महिने आणि ग्रँटमधले बरेच पैसे जातात. मुलं जीव तोडून काम करतात आणि हातात काही येत नाही हे बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

माझ्यामते बहुतेक वेळा ऑलिगोत काही दोष नसतो. घोळ होतो तो असा की सेलवर ऑलिगोला लावलेला चमकणारा रंग (डाय) दिसला की आपण तो आत गेला असं धरतो आणि आत गेला म्हणजे कामाला लागला असं धरतो. या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत आणि तिन्हींची तपासणी वेगळी करावी लागते. दुसरं म्हणजे पीबीएमसी ही एक वस्तू नाही. मोनोसाइट, बी, टी, एनके असा सगळा मेळा एका ट्यूबमध्ये असतो आणि ऑलिगो घ्यायची प्रत्येकाची भूक वेगळी असते.

आधी थोडं मागचं. झामेक्निक आणि स्टीफन्सन यांनी १९७८ मध्ये छोटा डीएनएचा तुकडा वापरून राउस सार्कोमा व्हायरसची वाढ रोखून दाखवली, तिथून अँटिसेन्सची, म्हणजे आरएनएशी जोडी जुळवून त्याला चिकटणाऱ्या तुकड्यांची, गोष्ट सुरू झाली. पहिलं औषध फोमिव्हर्सेन १९९८ ला मंजूर झालं, ते थेट डोळ्यात टोचायचं होतं. नुसिनर्सेन २०१६ ला आलं, ते मणक्यातल्या पाण्यात देतात. पॅटिसिरान २०१८ ला आलं, ते चरबीच्या नॅनोकणात गुंडाळून लिव्हरला पोचवतात. म्हणजे बघा, डोळा, मणका, लिव्हर. रक्तातल्या इम्यून सेलपर्यंत आणि त्यातही टी-सेलपर्यंत ऑलिगो नीट पोचवणं हा आजही अवघड प्रश्न आहे, त्यामुळं तुमचा प्रयोग पहिल्या फटक्यात बसला नाही तर त्यात मन लहान करायचं कारण नाही.

आता ऑलिगो आत जातो कसा. तुम्ही वापरता तो एएसओ (अँटिसेन्स ऑलिगो) साधारण १६ ते २० बेसचा, त्याच्या साखळीच्या कण्यात एका ऑक्सिजनच्या जागी सल्फर बसवलेला, म्हणजे फॉस्फोरोथायोएट. या सल्फरमुळं दोन गोष्टी होतात, न्यूक्लिएजला (डीएनए-आरएनए तोडणारं एन्झाइम) तो लवकर पचत नाही आणि प्रोटीनला चिकटायला तो एकदम तयार असतो. सेलच्या बाहेरच्या प्रोटीनला तो आधी चिकटतो, मोनोसाइटवर मॅक-१ नावाचं इंटिग्रिन आहे त्याला, स्कॅव्हेंजर रिसेप्टरना, आणखी बऱ्याच कशाकशाला, आणि मग सेल तो पापुद्रा आत ओढून घेते. म्हणजे तो पडदा फोडून घुसत नाही, एंडोसाइटोसिसनं पिशवीत बसून आत येतो. कुठलंही ट्रान्सफेक्शन रीएजंट न वापरता नुसता ऑलिगो मीडियात टाकून काम करून घ्यायच्या या पद्धतीला जिमनॉसिस म्हणतात, २०१० पासून हे नाव चांगलंच रुळलंय, आणि त्याला डोसही मायक्रोमोलरमध्ये लागतो, लिपिडसारखा नॅनोमोलरमध्ये भागत नाही.

खरी अडचण पिशवीत आल्यावर आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हळद भरून ठेवली म्हणून काही सौदा झाला असं होत नाही, ती वर काढून यार्डात आणावी लागते. त्या पिशवीतला, म्हणजे एंडोसोममधला, ऑलिगो तसाच पेवात पडून असतो, फ्लोमध्ये तो झगझगीत दिसतो पण एमआरएनएला (जीनची नक्कल, जिला पकडायचं असतं) भेटतच नाही. पिशवीतून निसटून सायटोप्लाझम किंवा न्यूक्लियसमध्ये पोचणारा भाग फार थोडा, साधारण एक-दोन टक्के किंवा त्याहून कमी धरतात. बाकीचा तिथंच पडून राहतो नाहीतर लायसोसोममध्ये (सेलची पचवायची पिशवी) जातो. त्यामुळं शिफ्ट दुप्पट झाला म्हणून नॉकडाउन (टार्गेटचा आरएनए खाली येणं) दुप्पट होईल हा हिशोबच मनातून काढून टाका.

तर तपासणी कुठून सुरू करायची? मेलेल्या सेलपासून. मेलेली सेल ऑलिगो कसाही आत घेते, पडदा फाटलेला असतो आणि न्यूक्लियस भरून रंग दिसतो. व्हायेबिलिटी डाय (मेलेल्या सेल ओळखणारा रंग) न टाकता केलेला फ्लो मी बघतच नाही, खरं सांगते. फिक्स करून सॅम्पल पाठवणार असाल तर फिक्स होणाराच डाय घ्या, साधा पीआय (प्रोपिडियम आयोडाइड) तिथं चालत नाही.

त्यानंतर ४ डिग्रीचा कंट्रोल. थंडीत एंडोसाइटोसिस थांबतं पण चिकटणं थांबत नाही, म्हणून ४ डिग्रीला जो सिग्नल येतो तो बाहेर चिकटलेल्याचा आणि ३७ ला येतो त्यातून तो वजा केला की आत गेलेल्याचा अंदाज येतो. पण हा कंट्रोल नीट लावा. प्लेट आधी अर्धा तास बर्फावर ठेवून सेल खरोखर थंड होऊ द्यायच्या, ऑलिगोचा मीडिया पण थंड पाहिजे आणि शेवटपर्यंत बर्फावरच राहिली पाहिजे. प्लेट फ्रीजमध्ये सरकवून दिली आणि मधे चारदा दार उघडलं तर तो ४ डिग्रीचा कंट्रोल राहत नाही. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर समजायचं की तुमचा सगळा शिफ्ट हा बाहेरचा लेप आहे.

हा लेप काढायचा कसा किंवा लपवायचा कसा, इथं डाय कुठला आहे त्यावर ठरतं. फॅम (हिरवा डाय) असेल तर मोजायच्या आधी ट्रायपॅन ब्लू टाका, तो जिवंत सेलच्या आत जात नाही, बाहेरच्या फॅमचा उजेड तेवढा दाबून टाकतो. पण फॅमची स्वतःची एक खोड आहे, आम्लात तो मंदावतो, आणि एंडोसोम तर आम्लच असतो, म्हणजे आत गेलेला माल तुम्हाला कमी दिसतो. साय-फाइव्ह किंवा अॅलेक्सा ६४७ या लाल डायना आम्लाचा तसा त्रास नाही. मात्र तिथं ट्रायपॅन ब्लू अजिबात वापरू नका, तो प्रोटीनला चिकटला की लाल भागात स्वतःच चमकतो आणि तुमचं चॅनल भरून टाकतो. लाल डायसाठी डेक्स्ट्रान सल्फेट किंवा हेपरिनच्या थंड बफरनं धुवा, निगेटिव्ह चार्जची ही मोठी साखळी बाहेर चिकटलेल्या ऑलिगोची जागा घेते आणि त्याला सोडवते. मी दोन्ही डायचे ऑलिगो थोडे थोडे मागवून एकदा शेजारी शेजारी लावून बघायला सांगते, खर्च होतो पण त्यानं पुढचे कितीतरी वाद मिटतात.

डायचा अजून एक मुद्दा. सल्फर नसलेला साधा ऑलिगो सीरममध्ये लवकर तुटतो आणि सुटा डाय किंवा डायला लागलेला एक-दोन बेसचा तुकडा आत जाऊन चमकत राहतो. तुम्ही समजता ऑलिगो पोचला, पोचलेला असतो नुसता रंग. म्हणून सुट्या डायचा एक वेल (प्लेटमधला खळगा) हवाच. आणि नॉकडाउनचा प्रयोग बिनडायच्या ऑलिगोवर करा, कारण साय-फाइव्हसारखा तेलकट डाय लावल्यावर ऑलिगोची चिकटायची आणि आत जायची सवयच बदलू शकते.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, तो मेळा. सीडी१४ (मोनोसाइट), सीडी१९ (बी), सीडी३ (टी) ओळखणाऱ्या अँटिबॉडी लावल्याशिवाय पीबीएमसीचा एकच हिस्टोग्रॅम काढून पाठवू नका. मोनोसाइट सगळ्यात जास्त ऑलिगो ओढतात, कामच त्यांचं ते, त्यांच्या मागं बी-सेल आणि शांत बसलेल्या टी-सेल सगळ्यात शेवटी. साताऱ्याच्या एका मुलीनं मध्यंतरी मला प्लॉट पाठवला, सगळे लिंफोसाइट गेटमध्ये (प्लॉटवर सेल निवडायची चौकट) घेतलेले आणि उजवीकडं एक छान शेपटी. तिचं म्हणणं होतं की काही टी-सेल जास्त घेतायत. सीडी१९ लावायला सांगितलं तर ती शेपटी जवळजवळ सगळी बी-सेलची निघाली. उरलेले जे सीडी३ आणि ऑलिगो दोन्हीत पॉझिटिव्ह दिसत होते त्यातले बरेच डबलेट होते, म्हणजे मोनोसाइटला चिकटलेली टी-सेल. सिग्नलच्या एरिया विरुद्ध हाइटचा (एकट्या सेल निवडणारा) गेट लावल्यावर ते पण गेले. तिचा खरा टी-सेलचा शिफ्ट अगदी बारीक होता पण खरा होता, आणि त्यावर तिला पुढं काम करता आलं.

टक्केवारी पण सोडा, मीडियन बघा, आणि प्रत्येक पॉप्युलेशनचा मीडियन त्याच पॉप्युलेशनच्या बिनऑलिगो सेलशी ताडून बघा. मोनोसाइट मुळातच स्वतःहून थोडे चमकतात, लिंफोसाइटचा गेट त्यांना लावला की बिनऑलिगोचे मोनोसाइटसुद्धा पॉझिटिव्ह होऊन बसतात. मोनोसाइटसाठी एफसी ब्लॉक (अँटिबॉडीला उगीच चिकटू न देणारा) विसरू नका.

याच्या उलट गंमत अशी की काही जणांच्या प्रयोगात मोनोसाइट गायबच असतात. ते प्लास्टिकला चिकटून बसतात, तुम्ही वरचा मीडिया पिपेटनं उचलता आणि तळातले मोनोसाइट वेलमध्येच राहतात, म्हणजे सगळ्यात जास्त ऑलिगो घेतलेल्या सेल कचऱ्यात. मायक्रोस्कोपखाली उचलल्यानंतरचा वेल बघा, तळाशी पसरलेल्या, जरा चपट्या सेल दिसतील. थंड ईडीटीए-पीबीएसमध्ये दहा मिनिटं ठेवून हळूच सोडवा, नाहीतर न चिकटणाऱ्या प्लेटा वापरा. डोनरनुसार निकाल बदलतो म्हणतात त्यातला बराच भाग इथं असतो, कुणाचे मोनोसाइट जास्त निघाले, कुणाचे कमी.

रक्ताकडं येऊ. हेपरिनच्या ट्यूबमधलं रक्त घेतलं आणि धुणं कमी पडलं तर उरलेलं हेपरिन ऑलिगोशीच स्पर्धा करतं, आणि नंतर पीसीआरलाही आडवं येतं. ईडीटीए राहिलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मॅक-१ सारख्या इंटिग्रिनला काम करायला तेच लागतं. कुठलंही घ्या पण सगळ्या डोनरना एकच घ्या आणि धुणं पूर्ण करा. रक्त बर्फात ठेवू नका, १८ ते २५ डिग्री चांगलं, आणि त्याच दिवशी काढून मोकळं व्हा. साताऱ्याहून सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या एसटीनं सांगलीला येतं तेव्हा एप्रिल-मेमध्ये डब्याच्या आत काय टेंपरेचर होतं ते कुणी बघत नाही. डब्यात जेल पॅक टाका पण ते गोठवलेले नकोत, खोलीच्या टेंपरेचरला आणलेले, ते उष्णता पण झेलतात आणि रक्त गारठवत पण नाहीत. शिळ्या रक्तात ग्रॅन्युलोसाइटची घनता बदलते, ते पीबीएमसीच्या थरात मिसळतात आणि तुमचा सगळा हिशोब बिघडवतात.

आपल्याकडं बऱ्याच कॉलेजात सेंट्रिफ्यूजला कूलिंग नाही किंवा आहे ते बंद पडलंय. पीबीएमसी वेगळ्या करायचा घनतेचा मीडिया १.०७७ असतो तो २० डिग्रीच्या आसपास, खोलीच ३८ वर गेली की तो पातळ पडतो आणि लिंफोसाइट खाली लाल पेशींच्या गठ्ठ्यात अडकतात. पांढरा थर नेहमी हवा तसा न दिसता फिकट, तुटक दिसला आणि त्याच्या खाली गुलाबी छटा आली तर तिथंच ओळखायचं. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातला सुरू करा. ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. त्यानंतर २०० जीवर दहा-दहा मिनिटांची दोन धुणी प्लेटलेट काढायला, ही कंटाळवाणी वाटतात म्हणून लोक टाळतात पण टाळू नका. फॉस्फोरोथायोएट प्लेटलेटला चिकटतो, त्यांच्या जीपी-सहा नावाच्या रिसेप्टरवरून त्यांना जागं पण करतो, आणि जाग्या प्लेटलेट जाऊन मोनोसाइटला चिकटतात. औषधांच्या जगात पण हे हलकं प्रकरण नाही, इनोटरसन या एएसओ औषधाच्या लेबलवर प्लेटलेट घसरण्याचा ठळक इशारा दिला होता.

रात्री लाइट गेली तर इन्क्युबेटर किती खाली उतरला हे सकाळी कळत नाही, सकाळी तो परत ३७ दाखवत असतो. ऑलिगो घेणं टेंपरेचरवर अवलंबून आहे, दोन-तीन तास २८ वर काढले तर तो वेल वेगळाच प्रयोग झाला. आत एक किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर ठेवा, थोडक्या पैशात मिळतो.

एवढं सगळं नीट होऊनही जीन खाली येत नसेल तर मग नॉकडाउनची बाजू. एक साधा हिशोब मांडते. समजा मोनोसाइट १५ टक्के आहेत, त्यांच्यात ८० टक्के नॉकडाउन झालं आणि बाकीच्यांत काहीच नाही, जीन सगळ्यांत सारखाच आहे. तर पूर्ण पीबीएमसीचा आरएनए काढल्यावर घट दिसणार १२ टक्के, म्हणजे सीटीत (क्यूपीसीआरच्या आकड्यात) जेमतेम ०.१८ चा फरक. हा तुमच्या पिपेटिंगच्या चुकीतच बुडून जातो. प्रयोग चाललेला असतो आणि तुम्ही फेल लिहून मोकळे होता! म्हणून ऑलिगो दिल्यावर बीड्सनं सेल वेगळ्या करा आणि मग आरएनए काढा, किंवा निदान टार्गेट असा घ्या जो तुम्हाला हव्या त्याच सेलमध्ये आहे.

पॉझिटिव्ह कंट्रोलला मॅलॅट-१ या आरएनएचा गॅपमर (मधे डीएनए असलेला एएसओ) ठेवा. हा आरएनए सगळ्या सेलमध्ये भरपूर असतो, न्यूक्लियसमध्ये बसतो आणि ऑलिगो चिकटलेला आरएनए तोडणारं एन्झाइम, आरएनेज-एच, तिथं पोचतं. मॅलॅट-१ खाली आला आणि तुमचं टार्गेट आलं नाही तर पोचण्याचा प्रश्न नाही, सिक्वेन्स बदला. मॅलॅट-१ पण हलला नाही तर पोचण्यातच खोट आहे, वरचं सगळं परत तपासा. वेळ पण द्या, जिमनॉसिसला ४८ ते ७२ तास तरी. मीडियात कॅल्शियम वाढवल्यानं परिणाम सुधारतो हे बऱ्याच सेल लाइनमध्ये दिसलंय, पण पीबीएमसीवर आधी व्हायेबिलिटी बघून मगच करा.

हाउसकीपिंग जीनकडं (ज्याच्याशी टार्गेट ताडून बघतो तो) पण लक्ष असू द्या. टी-सेल जाग्या झाल्या की त्या ग्लुकोज जास्त जाळतात आणि जीएपीडीएच वर जातो, त्यानं भागलं की तुमचं टार्गेट उगीचच खाली आल्यासारखं दिसतं. दोन-तीन रेफरन्स जीन घ्या. आणि सेल जाग्या कशानं होतात? बऱ्याचदा ऑलिगोनंच. सिक्वेन्समध्ये मेथिल नसलेला सीजी असेल तर बी-सेल आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक सेलमधला टीएलआर-९ हा रिसेप्टर त्याला बॅक्टेरिया समजतो, त्यातही जीटीसीजीटीटी असा तुकडा माणसाच्या सेलला फार लागतो. सायटोसिनच्या जागी ५-मेथिल सायटोसिन मागवा, आणि स्क्रॅम्बल (बेस उलटसुलट केलेल्या) कंट्रोलचा सिक्वेन्स स्वतः डोळ्यांनी वाचा, टार्गेटवाल्यात सीजी नाही आणि स्क्रॅम्बलमध्ये आहे असं सर्रास असतं. सुपरनॅटंटमध्ये (सेलच्या वरचा मीडिया) आयएल-६ (सेल जाग्या झाल्याची खूण) बघून ठेवलं तर जीव शांत राहतो.

ज्यांना फक्त टी-सेल हव्यात त्यांच्यासाठी. शांत टी-सेल थोडंच घेणार, सीडी३-सीडी२८ च्या बीड्सनी किंवा पीएचएनं जागं केलं की जास्त घेतात, पण मग त्या वेगळ्या सेल झाल्या हे लिहायला विसरू नका. लिपिड रीएजंट प्रायमरी टी-सेलवर चालत नाहीत म्हटलं तरी चालेल, न्यूक्लिओफेक्शन (विजेच्या झटक्यानं आत घालणं) चालतं पण ते सेलला झटका देतं. साधा एसआयआरएनए नुसता मीडियात टाकून वाट बघू नका, दोन पदरी, सल्फर नाही, त्याचं चिकटण्याचं अंगच आत लपलेलं. आणि गॅलनॅक ही साखर लावलेला मागवू नका, त्याचा रिसेप्टर लिव्हरच्या सेलवर असतो, रक्तातल्या टी-सेलवर त्याचा उपयोग नाही, जाहिरातीत कितीही छान दिसलं तरी.

कुठल्या वाटेनं आत गेला हे दाखवायचं असेल तर पॉली-आय आणि पॉली-सीची (एकाच बेसच्या साखळ्या) जोडी स्वस्त पडते. स्कॅव्हेंजर रिसेप्टर पॉली-आयला धरतो, पॉली-सीला धरत नाही, म्हणून पॉली-आयनं ऑलिगो कमी झाला आणि पॉली-सीनं झाला नाही तर त्या रिसेप्टरचा हात आहे म्हणता येतं.

फ्लो करायला आपल्याकडून बरेच जण पुण्याला सॅम्पल नेतात, तेव्हा क्रम असा ठेवा की आधी लेप धुवा किंवा क्वेंच करा (त्याचा उजेड दाबा), मग व्हायेबिलिटी डाय, मग अँटिबॉडी आणि सगळ्यात शेवटी पॅराफॉर्मल्डिहाइड. फिक्स झाल्यावर पडदा पूर्वीसारखा राहत नाही, नंतर टाकलेला ट्रायपॅन ब्लू आत पण शिरतो. मायक्रोस्कोपीचे फोटो मात्र जिवंत सेलचेच काढा, फिक्स केल्यावर पिशवीतला ऑलिगो सुटून न्यूक्लियसमध्ये पसरलेला दिसू शकतो आणि त्या फोटोवर थीसिसचा अख्खा चॅप्टर उभा राहतो.

माझ्याकडं प्लॉट पाठवताना नुसता हिस्टोग्रॅम पाठवू नका. बिनऑलिगोचा वेल, ४ डिग्रीचा वेल, सुट्या डायचा वेल, मेलेल्या सेल आणि डबलेट काढल्याचे गेट, रक्त कुठल्या ट्यूबमध्ये आणि किती वाजता काढलं, आणि ऑलिगोचा पूर्ण सिक्वेन्स कुठल्या बेसला काय बदल आहे त्यासकट, एवढं एकत्र पाठवा, मी नक्की बघून उत्तर देते.